कॉकापू, कवापू, माल्टीपू : गोव्याच्या हवेत पूडलमिश्र कुत्रं सांभाळताना

शेवंती_फोंडा (धागाकर्ती)

इथे दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, "केस न गळणारं लहान कुत्रं हवंय, कॉकापू घेऊ की माल्टीपू?" खाली चार जण बदामाची चिन्हं टाकून "घ्याच!" म्हणतात आणि विषय संपतो. त्या चौघांपैकी कुणी जुलै महिन्यात ओल्या कुत्र्याच्या कानामागचा गुंता सोडवत बसलेलं नसतं. म्हणून जरा ऐसपैस लिहिते. चहा घेऊन बसा.

आमच्याकडे दोदोल आहे. आई कॉकर स्पॅनियल, बाप मिनिएचर पूडल. रंग नावाप्रमाणेच, दोदोल या गुळाच्या मिठाईसारखा काळपट तपकिरी.

आधी पूडलबद्दल. कमरेला लोकरीचे गोळे आणि शेपटीला गोंडा ठेवलेले फोटो बघून हे सोफ्यावर बसून राहणारं कुत्रं आहे असा सगळ्यांचा समज होतो. मुळात ही पाण्यात उड्या मारून शिकाऱ्याने पाडलेली बदकं उचलून आणणारी जात. उगम जर्मनीकडचा, मिरवली फ्रान्समध्ये. ते गोळेसुद्धा गार पाण्यात सांधे आणि छाती ऊबदार राहावी, बाकीचं अंग हलकं व्हावं म्हणून ठेवत, असं सांगतात. उंचीनुसार तीन प्रकार धरतात: खांद्याशी 38 सेंमीच्या वर स्टँडर्ड, 25 ते 38 मिनिएचर, त्याहून लहान टॉय. अंगावरचे केस तिन्हीत सारखेच. एकेरी, कुरळे, आणि कापल्याशिवाय वाढायचे न थांबणारे.

या पूडलचा दुसऱ्या जातीशी संकर केला की ही सगळी मंडळी येतात. कॉकरशी केला तर कॉकापू (यांतला सगळ्यात जुना, अमेरिकेत 1950-60 पासून), कॅव्हेलियरशी (हीही एक छोटी स्पॅनियल जात) कवापू, माल्टीजशी माल्टीपू, लॅब्राडोरशी लॅब्राडूडल, गोल्डन रिट्रीव्हरशी गोल्डनडूडल. पिल्लू आईवर जाईल की बापावर, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. दोदोलची सख्खी बहीण म्हापशाला आहे. तिचे केस सरळसोट, आणि ते गळतात. एकाच वेतातली भावंडं, पण शेजारी उभी केली तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

आता "केस गळत नाहीत" याचा अर्थ. गळतात हो, फक्त फरशीवर पडत नाहीत. सुटलेला केस शेजारच्या कुरळ्या केसांत अडकतो, तिथे गाठ होते, दोनचार गाठी मिळून नमदा तयार होतो आणि तो रात्रंदिवस कातडी ओढत राहतो. खालच्या कातडीला हवा नाही. फोंड्यासारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, तिथे त्या नमद्याखाली काय होत असेल ते सांगायला नको.

फसवणूक अशी की वरून काही कळत नाही. वरचे केस रोज ब्रश केलेले, मऊसूत. कानामागे बोट घाला, मुळाशी चिंचोक्याएवढी गाठ लागते. काखेत, पट्ट्याखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला, शेपटीच्या बुडाशी तसंच. म्हणून नुसता ब्रश पुरत नाही. एका हाताने केसांचा थर वर उचलून धरायचा, कातडीची रेघ दिसली पाहिजे, मग तिथून खाली थोडे थोडे केस सोडत ब्रश करायचा. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तर काम झालं. अडकला तर नाही झालं. दोदोलला याची सवय पिल्लूपणी लावली, चमच्याला दही फासून त्याच्यापुढे धरायचं आणि तो चाटेपर्यंत एक पाय उरकायचा.

सगळ्यात कठीण काळ आठ महिने ते सव्वा वर्षाच्या दरम्यानचा. तेव्हा पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येतात आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. काल नीट असलेलं कुत्रं आज नमद्यात गुंडाळलेलं दिसतं. बरेच लोक इथेच हात टेकतात आणि कुत्रं ग्रूमरकडे नेऊन तासून आणतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ग्रूमरला दोष देऊ नका. नमदा सोडवत बसणं म्हणजे कुत्र्याला छळणं.

मी काय करते: जूनच्या आधी सगळ्या अंगाचे केस बोटभरापेक्षाही आखूड. टेडीबेअरसारखा दिसणारा तो झुबकेदार कट हिवाळ्यात, तोही हौसेपुरता. पावसात फिरून आला की पंचाने दाबून पाणी टिपायचं, घासायचं नाही (घासलं की गुंता), मग ड्रायर गार हवेवर. पंजांमधले केस कापलेले. आंघोळीआधी कंगवा, हे अगदी पक्कं, कारण गाठीवर पाणी पडलं की ती आवळते आणि मग कात्रीशिवाय इलाज उरत नाही.

स्वभाव? हुशार, लाघवी, चिकट. चिकट म्हणजे मी न्हाणीघरात गेले तरी दाराशी बसणारा. पूडलची अक्कल आणि कॉकरचं नाक दोन्ही आल्यामुळे कंटाळा आला की स्वतःच काम शोधतो, आणि त्याने शोधलेलं काम आपल्याला परवडत नाही. दोघंही दिवसभर नोकरीला जाणाऱ्या घराने हे कुत्रं आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रागावलात तरी चालेल.

प्रश्न विचारा, जमेल तसं सांगते.

मांडवीपार

शेवंतीताई, छान लिहिलंय. आमच्या ह्यांना दमा आहे. बंगळूरच्या ब्रीडरने फोनवर सांगितलं की कवापू "हायपोअलर्जेनिक" असतं, दम्याच्या माणसालाही चालतं. खरं का?

कुळागर

मांडवीपार, थांबा. मी डॉक्टर नाही, हायर सेकंडरीला जीवशास्त्र शिकवतो, पण एवढं ठामपणे सांगेन. ॲलर्जी केसाची नसते. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मुतात काही प्रथिनं असतात, त्यांतलं मुख्य 'कॅन एफ 1' या नावाने ओळखतात. केस फक्त ती इकडून तिकडे नेतात. 2012 साली नेदरलँड्समध्ये संशोधकांनी या तथाकथित हायपोअलर्जेनिक जातींचे केस आणि त्यांच्या घरांतली धूळ तपासली. पूडल आणि लॅब्राडूडलही त्यांत होते. केसांतलं कॅन एफ 1 या जातींत कमी तर सापडलं नाहीच, उलट जास्त निघालं. कुठल्याही जातीला हायपोअलर्जेनिक म्हणावं असा पुरावा नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

गंमत म्हणजे ही सगळी लाट ॲलर्जीपायीच सुरू झाली. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतले वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईतल्या एका अंध बाईंची मागणी आली. त्यांच्या नवऱ्याला ॲलर्जी होती. आधी नुसत्या पूडलवर बरेच प्रयोग फसले, मग 1989 च्या सुमारास लॅब्राडोर आणि स्टँडर्ड पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली, तिघांचे केस आणि लाळ तपासायला हवाईला पाठवली. तिघांतलं एकच त्या गृहस्थांना चाललं. पुढे बाजार मांडला गेला तो त्या एकाच्या नावावर. बाकीच्या दोघांची आठवण कुणालाच नाही! खुद्द कॉनरननी नंतर या प्रकाराबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

घ्यायचंच असेल तर तुमच्या ह्यांनी नेमक्या त्याच पिल्लाच्या घरी जाऊन, दारं लावलेल्या खोलीत, पुन्हा पुन्हा बसून बघावं. आणि छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

मांडवीपार

बापरे. आज संध्याकाळी आमच्याकडे चर्चासत्र. धन्यवाद.

पेडण्याचो_बापू

मला एक कळत नाही. रस्त्यावर एवढी गावठी पिल्लं मरताहेत आणि तुम्ही पैसे मोजून ड्रायरने सुकवायची कुत्री आणता? आमचा टायगर मागल्या दारी पोत्यावर निजतो, उरलेलं शीत-कडी खातो, कधी ब्रश लागला नाही की डॉक्टर लागला नाही. सगळी थेरं आहेत ही.

शेवंती_फोंडा

बापूबाब, गावठी कुत्रं या हवेला कितीतरी जास्त जुळतं, यात वादच नाही. आखूड केस, उभे कान, मोकळी हवा. कुणाला नुसतं "कुत्रं" हवं असेल तर मीही तेच सांगते. घराजवळच्या आश्रयगृहात जा. पण डॉक्टर लागला नाही हे काही मला पटलं नाही. टायगरला रेबीजची लस तरी दिलीय ना? गोवा सरकारने 2021 मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं ते गावोगाव जाळी घेऊन फिरून गावठी कुत्र्यांना दिलेल्या लशींच्या जोरावर. लशी देणाऱ्या मिशन रेबीज या संस्थेची माणसं तुमच्या वाड्यावरही आली असतील.

आणि शीत-कडीत कांदा-लसूण असतो. तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, मग कुत्रं गावठी असो की फिरंगी.

पेडण्याचो_बापू

लस दिलीय. गाडी आली होती, तेव्हाच. कांद्याचं घरात सांगतो. ड्रायरचं मात्र हसूच येतं हो.

आसगावची_नवी

नमस्कार मंडळी, पुण्याहून वर्षभरापूर्वी इकडे आलो. आमचा लॅब्राडूडल 'वाघ्या' 28 किलोचा आहे. पुण्यात ठीक होता, इथे आल्यापासून सारखा कान खाजवतो, डोकं झटकतो आणि कानाला आंबूस वास येतो. रोज समुद्रावर नेतो, त्याला पाणी खूप आवडतं. खोबरेल तेलाचे दोन थेंब घालावेत असं शेजारच्या आजी म्हणाल्या. घालू का?

शेवंती_फोंडा

नको नको! आंबूस वास आणि झटकणं म्हणजे बहुतेक यीस्ट. तेल घातलं तर त्याला आयतं खाद्य. आधी डॉक्टरांकडून कानात दुर्बीण घालून पडदा शाबूत आहे का ते बघून घ्या, कानातला मळ काचपट्टीवर घेऊन तपासायला सांगा. जंतू कुठला आहे त्यावर औषध ठरतं. आधीच्या वेळचं उरलेलं औषध उचलून घालू नका.

या कुत्र्यांचा कान म्हणजे दुहेरी संकट. लॅब किंवा कॉकरचा लोंबता कान वरून झाकण घालतो आणि पूडलकडून आलेले केस आत नळीत उगवतात. हवा जायला वाटच नाही. पूर्वी आतले केस सरसकट उपटून काढायचे. आता बरेच डॉक्टर म्हणतात, कान निरोगी असेल तर उपटू नका, उपटल्यानेच सूज येते. वारंवार दुखत असेल तरच त्यांच्या हातून काढून घ्या. कानाच्या पाळीच्या आतल्या बाजूचे केस मात्र मशीनने आखूड ठेवा. पोहून आल्यावर कान धुवायचं औषध (पशुवैद्यकांकडचं) नळीत ओतायचं, बुडाशी चोळायचं, त्याला डोकं झटकू द्यायचं आणि बाहेर आलेलं कापसाने टिपायचं. काडी आत घालायची नाही.

कान बरा होईस्तोवर समुद्र बंद. वाघ्या रुसेल, रुसू दे.

रापणकार

समुद्राचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, माझं घर किनाऱ्यालाच. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली की नको असलेले मासे वाळूवर टाकून देतात. त्यांत केंड असतो, हात लावला की फुगणारा. त्याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असतं, वाळलेला असला तरी विष जात नाही. खाल्ला तर कुत्र्याचे स्नायू लुळे पडत जातात, श्वास थांबू शकतो, उतारा नाही. तुमच्या लॅब्राडूडलचं नाक आणि तोंड एकाच वेळी चालत असणार, तेव्हा रापणीच्या वेळी दोरी सोडू नका. पावसाळ्याच्या तोंडावर जेलीफिशही लागतात, मेलेल्यासुद्धा चावतात.

खारं पाणी प्यायला देऊ नका, जुलाब होतात. सोबत गोडं पाणी न्या. आणि घरी गेल्यावर गोड्या पाण्याने पोटापर्यंत धुवा. मीठ केसांत राहिलं की कातडी कोरडी पडून खाजते, रेती मुळाशी बसते ती वेगळी.

आसगावची_नवी

केंड माहीतच नव्हता. रापणकारदादा, खूप आभार. आजच डॉक्टरांची वेळ घेते.

वाळपईची_मीना

शेवंतीताईंनी गोचिडींवर काहीच लिहिलं नाही, हे कसं? सत्तरी तालुक्यात आमच्याकडे मार्चपासून जो सुळसुळाट होतो! आमची 'जुई' माल्टीपू. दाट केसांत गोचीड दिसत नाही, हात फिरवूनच शोधावी लागते. बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, शेपटीखाली, ओठाच्या कडेला. एके दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशी जिन्यावरून चढेना, हिरड्या पांढऱ्या फटक. रक्त तपासलं तर प्लेटलेट खूप खाली, अर्लिकिया (गोचिडीतून होणारा आजार) निघाला. वेळेवर नेली म्हणून बरी झाली. डॉक्सिसायक्लिनचा कोर्स जवळजवळ महिनाभर चालतो, दोन दिवसांत उड्या मारायला लागली म्हणून मध्येच थांबवू नका.

दुसरं, काजूचं. मार्च ते मे आमच्या भाटात (बागेत) बोंडू (काजूची फळं) पडलेले असतात. बोंडू आंबला की त्यात दारूच तयार होते, पाच किलोच्या कुत्रीला ती झेपत नाही. कच्च्या बियेच्या सालीतलं तेल तर तोंड भाजतं. जुईला त्या दिवसांत भाटात सोडतच नाही.

शेवंती_फोंडा

मीनाबाय, बरं झालं लिहिलंस. गोचिडींवर वेगळाच लेख लिहायचा म्हणून मागे ठेवलं होतं, पण इथेच असू दे. आखूड केस ठेवण्याचं माझ्यासाठी खरं कारण गोचिडी हेच आहे. गुंता नंतरचा. आमच्याकडे वर्षभर तोंडातून द्यायची गोळी चालू असते. काही महिन्याने द्यायच्या असतात, काही तीन महिन्यांनी, मात्रा वजनावर. एक सावधगिरी: या गोळ्यांच्या गटाने क्वचित फिट येऊ शकते आणि पूडलच्या रक्तात अपस्माराची प्रवृत्ती थोडी आहेच. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

गोचीड दिसली की रॉकेल, काडेपेटी, मीठ यांतलं काही नको. चिमट्याने कातडीलगत तोंडाशी धरून सरळ ओढायची. आणि पावसाळा म्हणजे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात जातो, माणसालाही होतो. त्याची लस दर वर्षी, चुकवू नका.

मडगावकर_वि

माझी कथा ऐका. ऑनलाइन जाहिरात बघून "कवापू, केसीआय पेपरसह" असं पिल्लू घेतलं. गाडीने दुसऱ्या राज्यातून आलं. आलं तेव्हा इतकं लहान की दूधसुद्धा नीट पिईना, अंगभर पिसवा. आता दीड वर्षाचं आहे. पाय लांब, केस सपाट, शेपूट वर वळलेली. कवापू नाही एवढं नक्की. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. कुत्रं मात्र लाख मोलाचं, बायकोचा जीव त्याच्यावर. कागदांचं काही करता येईल का?

कुळागर

केनेल क्लब ऑफ इंडिया संकरित कुत्र्यांची नोंदणी करतच नाही. कॉकापू असो की लॅब्राडूडल, त्याला केसीआयचे कागद मिळूच शकत नाहीत. अमेरिकन केनेल क्लबातही या जातींना मान्यता नाही. "पेपरसह डूडल" अशी जाहिरात दिसली की तिथेच फोन ठेवायचा.

कागद मागायचेच तर दुसरे मागा. श्वान प्रजनन आणि विक्रीचे केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत. त्यांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तुमचं पिल्लू आलं तेव्हा नक्कीच त्याहून लहान असणार. पैसे दिल्याची बँकेतली नोंद, जाहिरातीचे फोटो, संदेश जपून ठेवले असतील तर ग्राहक तक्रार करता येईल. निदान पुढच्या माणसाचं तरी वाचेल.

आता पिल्लू निवडणाऱ्यांसाठी शास्त्रातलं एक. कुत्र्यांच्या केसांतले बहुतेक फरक तीन जनुकांवर अवलंबून असतात, हे 2009 मध्ये दाखवून दिलंय. एक लांबीचं, एक कुरळेपणाचं, आणि एक दाढी-मिशांचं. यांतलं दाढी-मिशांचं बघायला सगळ्यात सोपं. पूडलकडे ते असतं आणि एका पालकाकडून आलं तरी दिसतं, म्हणून शुद्ध पूडलशी केलेल्या संकराच्या पहिल्या पिढीतलं जवळजवळ प्रत्येक पिल्लू दाढीवालं. पण असे दोन मिश्र एकत्र आणले तर सरासरी चारातलं एक पिल्लू बिनदाढीचं निघतं, आणि ते बऱ्यापैकी केस गाळतं. सातआठ आठवड्यांच्या पिल्लाचं तोंड जवळून बघा. नाकाच्या वरच्या भागावर, दोन डोळ्यांच्या मध्ये केस उभे राहायला लागले असतील तर दाढी येणार. तिथे अगदी गुळगुळीत असेल तर नाही.

मडगावकर, तुमच्याकडच्याचं तोंड कसं आहे?

मडगावकर_वि

गुळगुळीत. आणि सोफ्यावर केसच केस. तरी देणार नाही कुणाला!

शेवंती_फोंडा

कुळागरसरांच्या सांगण्यात माझी भर: पिल्लाआधी त्याच्या आईबापांचे रिपोर्ट बघा. "मिश्र जात म्हणजे दणकट" हे सरसकट खरं नाही. दोन्हीकडे तोच आजार असेल तर तो मिश्र पिल्लातही उतरतो. कॉकर आणि पूडल दोघांतही डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होणारा पीआरए आढळतो, आणि त्याची डीएनए तपासणी मिळते. कॅव्हेलियरमध्ये हृदयाच्या झडपेचा आजार इतका सर्रास आहे की कवापूच्या छातीवर डॉक्टरांनी दर वर्षी नळी ठेवून मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकलीच पाहिजे. मोठ्या आकाराच्या डूडलांत खुब्याचं हाड, लहानांत गुडघ्याची वाटी. रिपोर्ट मागितल्यावर जो ब्रीडर "आमची कुत्री कधी आजारी पडतच नाहीत" म्हणतो, त्याला नमस्कार करून निघा.

मिरामारचा_सुहास

माझी आई 74 वर्षांची, पणजीत तिसऱ्या मजल्यावर एकटी. बाबा गेल्यापासून गप्प गप्प असते. मी दुबईत. तिला माल्टीपू घेऊन द्यावा असं बहिणीचं म्हणणं आहे. वजन कमी, घरातल्या घरात राहतं. सल्ला हवा.

शेवंती_फोंडा

सुहास, आईला विचारलंत का? हे आधी. सरप्राइज म्हणून कुत्रं देऊ नका.

तिला खरंच हवं असेल तर माल्टीपू वाईट नाही. चारपाच किलोचा जीव, फिरवायला ताकद लागत नाही, मांडीवर बसतो. पण पिल्लू नको. पिल्लू म्हणजे रात्री उठणं, फरशी पुसणं, चप्पल वाचवणं आणि पायात येणं. 74 व्या वर्षी पायात आलेल्या पिल्लामुळे खुबा मोडला तर काय करणार? तीनचार वर्षांचं, शिकलेलं कुत्रं बघा. परदेशी बदली झालेले लोक अशी कुत्री द्यायला काढतात. आणि ही कुत्री चौदापंधरा वर्षंही जगतात, तेव्हा आईनंतर ते कुणाकडे जाणार हे बहिणीशी आत्ताच बोलून ठेवा. कडू आहे, पण बोला.

वाळपईची_मीना

सुहासदादा, दात विसरू नका. माल्टीपूच्या लहानशा जबड्यात दातांची गर्दी होते, दुधाचे दात कधीकधी पडतच नाहीत. जुईचे दोन दात डॉक्टरांना काढावे लागले. रोज दात घासायला हवेत, कुत्र्यांच्या पेस्टने. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते त्यांना विष. डोळ्यांखालीही रोज ओल्या कापसाने पुसावं लागतं, नाहीतर तांबडे ओघळ पडतात. आईंची नजर आणि बोटं याला साथ देतात का ते बघा. महिन्या-दीड महिन्याने घरी येणारा ग्रूमर पणजीत मिळेल.

आणि हो, नरकासुर (दिवाळीच्या पहाटे जाळतात तो पुतळा)! आदल्या रात्रीपासून ते स्पीकर. जुई पलंगाखालून पहाटेपर्यंत बाहेर येत नाही. आतल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा मोठा करून, तिच्याजवळ जमिनीवर बसते मी. संध्याकाळी लवकर फिरवून आणायचं, पट्टा घट्ट. घाबरून पळालेली कुत्री दर दिवाळीला हरवतात.

मिरामारचा_सुहास

आईला फोन केला. म्हणाली, "कुत्रो जाय, पूण पील नाका. आनी तुज्या भयणीक सांग, हांव बहिरी ना, नरकासुर माकाय आयकूंक येता." मोठं कुत्रंच बघतो. देव बरें करूं सगळ्यांचं.

पेडण्याचो_बापू

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

शिरोड्याचा_नितू

धागा वाचून काढला. आमचा कॉकापू सात महिन्यांचा. लॉकडाऊनमध्ये घेतलेलं माणसांच्या केसांचं ट्रिमर घरात पडून आहे, त्याने कापू का? ब्लेडचे नंबर कसे समजायचे?

शेवंती_फोंडा

माणसांचं ट्रिमर या दाट केसांत अडकतं आणि कातडी ओढतं. एकदा दुखलं की तो मशीनचा आवाज ऐकूनच पळेल. कुत्र्यांसाठीचं घ्या. ब्लेडचा नंबर जितका मोठा तितके केस आखूड राहतात: 10 नंबर साधारण दीड मिलिमीटर ठेवतो, 7 एफ तीनच्या आसपास, 4 एफ साडेनऊच्या आसपास. पहिल्यांदा 4 एफने अंग करा. 10 नंबर पोटाखाली, पंजांच्या गाद्यांमध्ये आणि शेपटीखाली. ब्लेड कातडीला समांतर धरायचं, टोक आत खुपसायचं नाही, आणि काखेत कातडी ताणून धरायची.

दर दोनतीन मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाला लावून बघा. तापलं असेल तर थांबा, भाजतं. एकाच बैठकीत सगळं कुत्रं उरकायची गरज नाही, आज पाठ, उद्या पाय. चार दिवस विचित्र दिसेल, शेजारी हसतील. आणि गाठ असली तर ती कात्रीने कापू नका. ओढलेली कातडी गाठीत वर आलेली असते, दिसत नाही. 10 नंबरने गाठीखालून हळूच काढा. जमत नसेल तर सरळ ग्रूमरकडे.

शिरोड्याचा_नितू

4 एफ मागवलं. दही घरात आहेच.